एका गिटारपुरतं

“मॅडम, आमच्याकडे नेहमी उलटं असतं,” टिपणीस हसत म्हणाले. “नवरा महागाच्या वस्तूवर हात ठेवतो आणि बायको विचारते, ह्यापेक्षा स्वस्तातलं नाही का? तुमच्याकडे गंगा उलटी वाहतेय.”

जयवंतही हसला. मी हसले नाही. काउंटरवर तीन खोकी उघडून ठेवली होती आणि मी मधल्या खोक्यावर बोट ठेवून उभी होते.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत, लाकडी जिना चढून गेलं की हे दुकान लागायचं. वाद्यं तिथं नव्हती. माइक, वायरी, हेडफोन, असं रेकॉर्डिंगचं सामान तेवढं मिळायचं. टिपणीस पूर्वी नाटकांच्या दौऱ्यांवर साउंड सांभाळायचे, दौरे झेपेनात म्हणून त्यांनी दुकान टाकलं होतं. जयवंतला त्यांचा पत्ता कितीतरी वर्षं माहीत होता. नगरहून काही कामानं पुण्याला आलो की तो हळूच विचारायचा, “पमा, पाच मिनिटं टिपणिसांकडे डोकवायचं का?” आणि मी म्हणायचे, “पुढच्या खेपेला.”

त्याला ऑडिओ इंटरफेस हवा होता, गिटार कॉम्प्युटरला जोडायची डबी. जयवंत नगरच्या एका शाळेत संगीत शिकवायचा आणि रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवायचा. लग्नाआधी मीही त्याच क्वायरमध्ये गायचे, आमचं जमलं ते तिथंच. त्यानं स्वतः बांधलेल्या वीस-पंचवीस चाली होत्या. कुठं लिहून ठेवल्या नव्हत्या, कुठं रेकॉर्ड केलेल्या नव्हत्या. त्याच्या बोटांत होत्या, तेवढ्याच. मोबाइलवर भरून ठेव म्हटलं तर म्हणायचा, पत्र्याच्या डब्यात बसून वाजवल्यासारखं ऐकू येतं. गिटारची वायर सरळ कॉम्प्युटरला लावून पाहिली, तर सुरापेक्षा खरखरच जास्त.

“होणारच,” टिपणीस म्हणाले. “गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या त्या पट्टीतून, येणारा आवाज अगदी क्षीण असतो. त्याला आधी नीट उचलून घ्यायला लागतं, मग कॉम्प्युटरला कळेल असं करून द्यायला लागतं. ही डबी तेच काम करते. शिवाय, थेट कॉम्प्युटरमधून ऐकायला गेलात तर तार आत्ता छेडलीत आणि आवाज जरा मागून आला, असं होतं. त्यात वाजवणाऱ्याचा ताल सुटतो. ह्यात हेडफोन डबीलाच लावायचे. छेडली की ऐकू आली.”

“ह्या तिघांत फरक काय?” मी विचारलं.

“हे छोटं. एक वायर आत, एक गिटार, संपलं. हे मधलं. ह्यात दोन. गिटार लावा आणि वर माइकही लावा. वाजवतावाजवता गाता येतं. आवाजही ह्याचा जास्त स्वच्छ. आणि ते तिसरं सोडून द्या, ते चार-पाच जणांच्या बँडसाठी.”

“मधलं द्या,” मी म्हणाले.

“पमा, मी गातो कुठं?” जयवंत म्हणाला. “गिटार एक, वाजवणारा एक. हे छोटं बास झालं.”

“अरे, घेतोच आहोत तर चांगलं घे. पुढं कधी माइक लावावासा वाटला तर?”

“नाही वाटणार.”

“आणि वाटला तर?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं आता आठवताना वाटतं. मग टिपणिसांना म्हणाला, “लावून बघू या का हे छोटं?”

सामान लावून बघायला म्हणून भिंतीवर टांगलेली एक गिटार टिपणिसांनी काढून दिली, वायर जोडली, हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. जयवंत स्टुलावर बसला आणि त्यानं दोन-तीन सोपे कॉर्ड वाजवले. त्याचा चेहरा उजळला. लहान पोराला दुर्बिणीतून चंद्र दाखवावा तसा. मग त्यानं डाव्या हाताचं पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून एक अवघड कॉर्ड धरला. हेडफोन त्याच्या कानांवर होते, आम्हाला लाकडाचा आवाज तेवढा येत होता. पण तार दबली नाही हे मला त्याच्या कपाळावरून कळलं. त्यानं पुन्हा धरला. पुन्हा तेच.

“हात गार पडलाय,” हेडफोन काढत तो म्हणाला.

बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. टिपणिसांनी छोटं खोकं बंद केलं, सोबत एक वायर बांधली, हेडफोनच्या किमतीत थोडं कमी केलं. मी शेवटपर्यंत मधल्या खोक्याकडे बघत होते.

परतीच्या एसटीत जयवंत खिडकीशी बसला. खोकं मांडीवर होतं. शिक्रापूर मागे पडलं तसा तो झोपला, आणि मला पदर तोंडाशी धरून बसता आलं.

आम्ही त्या दिवशी पुण्याला आलो होतो ते एका मोठ्या हॉस्पिटलात त्याच्या हाताचा रिपोर्ट घ्यायला. हिवाळ्यापासून त्याचा डावा हात ऐकत नव्हता. आधी शर्टाची बटणं, मग बादलीची कडी. अंगठ्याजवळचं मांस ओसरून तिथं खळगा पडला होता. स्नायूंमध्ये सुया घालून तपासणी झाली होती. मी स्वतः नर्स, नगरच्या एका मिशनच्या दवाखान्यात नोकरीला. तो खळगा बघूनच मला शंका आली होती, पण नर्सलासुद्धा आपल्या घरातलं दुखणं साधंच असावंसं वाटतं. जयवंत खाली चहा घ्यायला गेला असताना डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ते समंजस होते, गोल गोल बोलले नाहीत. हालचालीच्या नसाच मरत जातात, म्हणाले. आधी हा हात, मग दुसरा, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. औषध असं नाही. दोन वर्षं, कदाचित तीन.

“त्यांना मी सांगू का?” त्यांनी विचारलं.

“नको. मी सांगीन.”

आणि खाली येऊन मी जयवंतला सांगितलं, “मानेत नस दबलीय. गोळ्या दिल्यात. मानेचे व्यायाम करायचेत रोज.”

“एवढंच?” तो म्हणाला. चहाचा कप खाली ठेवला. “मग टिपणिसांकडे जाऊन यायचं का? अजून वेळ आहे गाडीला.”

“चल,” मी म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.

नगरला सावेडीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मूलबाळ नव्हतं. मागच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता, त्याच्या शेजारी ती डबी बसली. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. जयवंतनं पंख्याची घरघर पिकअपमध्ये येते म्हणून पंखा बंद करायला सुरुवात केली. मी म्हणाले, वायरीतून जाणाऱ्या आवाजात पंखा कसा येईल? तो म्हणाला, “माझ्या कानात येतो ना.” घामानं निथळत वाजवत बसायचा. सोप्या चाली आधी घेतल्या नाहीत. सगळ्यात अवघड होत्या त्या पहिल्यांदा. मला वाटलं, हौस. वर्षानुवर्षं साठलेली हौस.

सकाळी मी त्याला व्यायाम करायला लावायचे. मान डावीकडे, मान उजवीकडे, हनुवटी छातीला. तो खुर्चीवर बसायचा, मी समोर उभी राहून मोजायचे. कधी चुकवलं नाही त्यानं, कधी कुरकुरला नाही. मला रोज वाटायचं, आज सांगावं. मग मी मोजायला लागायचे, आणि मोजता मोजता ती वेळ निघून जायची. ड्युटीवर पेशंटच्या नातेवाइकांना मी अशा गोष्टी सांगितल्या होत्या, खांद्यावर हात ठेवून, नीट शब्दांत. घरात ते शब्द तोंडाशी येत नव्हते.

शाळा सुरू झाली. पेटी वाजवताना डाव्या हातानं भाता ओढता येईना, म्हणून तो एका मुलीला भाता ओढायला बसवू लागला. घरी येऊन सांगायचा तेसुद्धा गंमत म्हणून. संध्याकाळी पुन्हा गिटार. एक चाल पूर्ण झाली की हाक मारायचा, “पमा, ऐकून जा.” मी हेडफोन लावायचे. खरंच सुंदर वाजायचं. एवढ्याशा डबीतून जणू तो कानाच्या आत बसून वाजवतोय. पण महिनाभरानं मला फरक ऐकू यायला लागला. कॉर्ड पूर्ण लागत नव्हते. एखादी तार मुकी राहायची. तो तीच ओळ परत घ्यायचा, पुन्हा पुन्हा, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे.

ऑगस्टमधला एक रविवार. त्या दिवशी चर्चला जाताना त्यानं गिटार घेतली नाही. “खांदा भरून आलाय,” म्हणाला. गाण्यांच्या वेळी तो माझ्याशेजारी बाकावर बसला. त्याला बाकावर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. घरी आलो, जेवलो. तो मागच्या खोलीत गेला. मी भांडी घासायला घेतली. एकाच जागी तो पुन्हा पुन्हा अडत होता. मग आवाज थांबला. बराच वेळ काही ऐकू येईना, तशी मी हात पुसत आत गेले.

हेडफोन गळ्यात होते. डावा हात उजव्या हातानं उचलून त्यानं मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळून ठेवावी तसा.

मी म्हणाले, “चल, सकाळचा व्यायाम राहिलाय तुझा.”

“पमा, मानेचे व्यायाम पुरे आता.”

“असं कसं? डॉक्टरांनी सांगितलंय...”

“डॉक्टरांनी मानेचं काही सांगितलेलं नाही.”

मी दारातच उभी राहिले.

“तुला कुणी सांगितलं?”

“तूच.”

“मी?”

“इतकी वर्षं हे खोकं मागत होतो मी तुझ्याकडे. दर वेळी तुझ्याकडे काहीतरी कारण असायचं. आणि खरं असायचं, मी काही म्हणत नाही. गळकं छत, आईचं ऑपरेशन, सगळं खरं. त्या दिवशी मी नुसतं विचारलं, जाऊन यायचं का, आणि तू लगेच रिक्षाला हात केलास.” तो थोडा हसला. “वर तिथं जाऊन महागातलं घे म्हणून हटून बसलीस. मी ओळखत नाही का तुला?”

मी तिथंच फरशीवर बसले.

“मग सुट्टीतच शाळेत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर वाचलं सगळं,” तो म्हणाला. “सुया घालतात ती तपासणी कशासाठी असते, ते. अवघड चाली आधी संपवायच्या, तेव्हाच ठरवलं.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“तू तरी कुठं सांगितलंस?”

मी विचारलं, “मग इतके दिवस रोज मान कशाला हलवत बसलास?”

“तू मोजत होतीस,” तो म्हणाला. “मोजताना तुझा चेहरा जरा सैल पडायचा. मग म्हटलं, राहू दे.”

मला रडू आवरेना. तीन महिने मी न्हाणीत नळ सोडून रडले होते. त्या दुपारी त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडले. शेजारच्या घरात टीव्ही चालला होता, कुणीतरी खळखळून हसत होतं. तो उजव्या हातानं माझ्या केसांवरून हात फिरवत राहिला.

“मधलं घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं रे?” मी शेवटी विचारलं. त्या वेळी मला तेच का सुचलं, देव जाणे.

“पुढं पैसे लागतील तुला. माझ्यावरच लागतील.” मग म्हणाला, “आणि ते फार दिवस वापरायचं नव्हतं.”

बाहेर पोरांचा गलका सुरू झाला, ऊन उतरलं, तरी आम्ही तसेच बसून होतो. मग मी तोंड धुतलं, चहा केला. चहा पिताना विचारलं, “किती चाली राहिल्यात?”

“सात. सोप्या आहेत सगळ्या. तीन-तीन, चार-चार कॉर्डच्या.”

“मग?”

“मग काय. हात नाही.”

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, आणि कप खाली ठेवला.

“पमा, ते स्टूल घेऊन ये.”

मी त्याच्या मागे, डाव्या बाजूला बसले. गिटार त्याच्या मांडीवर. त्याच्या खांद्याजवळून वाकून मी माझा डावा हात गिटारच्या दांड्यापाशी नेला. उजव्या हातानं त्यानं माझं एकेक बोट धरून तारेवर ठेवलं. हे इथं. हे त्याच्या खाली. अंगठा मागून लाव. दाब. अजून दाब.

“बोटं कापली जातात रे.”

“नाही कापत. दाब.”

मी दाबलं आणि त्यानं तारा छेडल्या. एक तार खणखणीत वाजली, बाकीच्या फसफसल्या. तो हसायला लागला. खूप दिवसांनी त्याचं तसं हसणं ऐकलं. मलाही हसू आलं, डोळे सुजलेले असतानाच.

मग रोज तेच. ड्युटीवरून आले की चहा, आणि चहानंतर स्टूल. पहिली चाल रेकॉर्ड व्हायला पंधरवडा गेला. तो “आता” म्हणाला की कॉर्ड बदलायचा. मी चुकले की म्हणायचा, “पुन्हा,” आणि मी दमले की म्हणायचा, “तुझ्या आईनं तुला पोळ्या शिकवल्या तेव्हा पहिली गोल आली होती का?” माझी हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकलेली असायची. इतकी वर्षं संसार झाला, पण आम्ही एवढा वेळ इतके जवळ कधी बसलो नव्हतो. दवाखान्यातल्या हिवाळे सिस्टरनी एकदा इंजेक्शन भरताना माझी बोटं पाहिली. टोकांना पिवळट घट्टे पडले होते. “हे काय गं?” त्यांनी विचारलं. “घरकाम,” म्हणाले.

सातांपैकी पाच चाली झाल्या. सहाव्या चालीच्या मध्यात त्याचा उजवा अंगठा तारेवरून घसरायला लागला. दोन दिवस आम्ही नाद सोडला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं. “राहिलेल्या दोन राहू देत,” म्हणाला. “त्या तशाही फार बऱ्या नव्हत्या.”

ते खोटं होतं. सातवी तर त्याची सगळ्यात आवडती होती.

पुढचं वर्ष आजारपणाचं होतं, ते सगळं सांगत बसत नाही. मी रजा घेतली, मग बिनपगारी रजा घेतली. बोलणं गेलं तसा तो डोळ्यांनी बोलायचा. पुढच्या सप्टेंबरात, सकाळच्या वेळी, मी त्याचं तोंड पुसत असताना तो गेला. शांतपणे गेला, असं म्हणतात तसा. मी नर्स आहे, शांत म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण लोकांना मी तसंच सांगितलं.

स्मरणाच्या प्रार्थनेला क्वायरनं त्याची रेकॉर्डिंग मागितली. मी दिली. चर्चमध्ये स्पीकरवर त्याची गिटार वाजली आणि पोरं तिच्यावर गायली. त्याच्याच इच्छेनं ती डबी आणि कॉम्प्युटर नंतर क्वायरला दिला. प्रार्थनेच्या दिवशी घरी आल्यावर मी त्या शेवटच्या पाच चाली ऐकल्या होत्या. त्यात गिटार आहे, फक्त गिटार. वायरीतून तारांचा आवाज तेवढा गेला होता. तो “आता” म्हणाला, “पुन्हा” म्हणाला, हसला, मला चिडवलं, ह्यातलं काहीएक त्यात नाही. त्याचा आवाज माझ्याजवळ कुठंच नाही.

डिसेंबरात एक दिवस भाजी चिरताना लक्षात आलं, बोटांवरचे घट्टे केव्हाच गेलेत. कातडी मऊ पडली होती. मी विळी बाजूला केली आणि गिटार काढली.

ह्याला आता बारा वर्षं झाली. क्वायरमधले लोक म्हणतात, सिस्टर, डावा हात तुमचा तयार आहे, उजवा काय, महिन्यात शिकवतो आम्ही. मी बघू म्हणते. दुपारपाळी असली की सकाळी घरात निवांतपणा असतो. मी स्टुलावर बसते, गिटार मांडीशी घेते आणि त्याची चाल डाव्या हातानं दाबत जाते. पहिला कॉर्ड, दुसरा, परत पहिला. सातवी चालसुद्धा. तो गुणगुणायचा त्यावरून कॉर्ड मीच शोधून काढले, बरोबर असतील असं वाटतं. आवाज काही येत नाही. उजवा हात मांडीवर असतो.

मागच्या आठवड्यात शेजारच्या नव्या वहिनी विरजण मागायला आल्या. दार उघडंच होतं. बराच वेळ उभ्या राहून बघत होत्या.

“सिस्टर, वाजवा की,” त्या म्हणाल्या. “थांबलात का?”

“मला वाजवता येत नाही,” मी म्हणाले, आणि पुढचा कॉर्ड दाबला.